राजूरपर्यंत डोळे कोरडे

पैज लावली ती लालीबाईनेच, आणि तीही सगळ्या तांड्यासमोर. म्हणजे मागे फिरायची वाट तिने स्वतःच्याच हाताने बुजवून टाकली.

सकाळचे सहा वाजले होते. दारव्ह्याच्या अलीकडे, सडकेपासून दोन वावरं आत असलेल्या त्या बंजारा तांड्यात राजकुमारची पांढरी गाडी उभी होती. राजकुमार म्हणजे लालीबाईचा एकुलता एक लेक. पुण्याला कंपनीत असतो, दिवाळीला बायको-पोरं घेऊन आला होता. आज सगळ्यांना राजूरला जायचं होतं. राजूरला लालीबाईची लेक ममता राहते, तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. त्यांनी नवं घर बांधलं, त्याची घरभरणी होती. बाराची पंगत. तांडा ते राजूर म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दीडशेच्या वर किलोमीटर.

राजकुमारची बायको पुष्पा गाडीत सामान लावत होती. दोन मोबाइल, एक टॅब, त्यांच्या वायरी आणि वायरींना खायला घालायचा एक काळा ठोकळा.

“हे काय वो?” लालीबाईने विचारलं.

“मुलांसाठी, याडी.” याडी म्हणजे आई. पुष्पा पुण्यात अकरा वर्षं राहिली होती, पण सासूला अजून याडीच म्हणायची, एवढं तिचं लालीबाईलाही मान्य होतं. “रस्त्यात रडू नयेत म्हणून.”

“रडू नये म्हणून मोबाइल? अवं, आमचे मानसं बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून महिना-महिना चालत जायचे. दोन-दोनशे बैलं. त्याले लदेणी म्हणत. पोट्टे बैलावर बसलेले. एका पोट्ट्यानं कधी ईचारलं नाई, का गाव कवा येते!”

खाटेवरून तिचा नवरा शंकरसिंग म्हणाला, “तू होती का तवा?”

“मी नव्हती. माह्या आजीची आजी होती.”

“तिले तू भेटली?”

“तुमी बैलाले पानी दाखवा.”

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण पुष्पाने डिकी लावता लावता, सहज म्हणून, एक वाक्य टाकलं. “म्हणूनच तर मे महिन्यात मी मुलांना इथे ठेवत नाही, याडी. त्यांचा एक दिवस निघत नाही मोबाइलशिवाय. तुमच्याजवळ महिना कसा निघेल?”

लालीबाईच्या छातीत ते वाक्य जाऊन बसलं. तीन वर्षं झाली, ती हेच मागत होती. मे महिन्यात नातवंडं तांड्यात ठेव. आणि तीन वर्षं पुष्पा कधी पोहण्याचा क्लास, कधी ते मणी मोजायचं शिबिर सांगून टाळत होती. आज खरं कारण बाहेर पडलं. म्हणजे सासूच्या हातात लेकरं सांभाळायची ताकद नाही! स्वतःची दोन लेकरं वाढवलेल्या, वर चुलत दिराची दोन वाढवलेल्या, एका आंधळ्या म्हशीला बारा वर्षं जगवलेल्या लालीबाईला हे ऐकावं लागलं. तेही शेजारची गंगी दात घासत उभी असताना.

“ऐक,” लालीबाई म्हणाली. “राजूरपर्यंत गाडीत मोबाइल नाई. ममताच्या उंबऱ्यापर्यंत दोघायपैकी एकानं मोबाइल मागतला, नाई तं एकाच्या डोळ्यातून पानी पडलं, तं मी हरली. पुन्हा मे महिन्याचं नाव काढनार नाई. अन् डोळे कोरडे राह्यले, तं पूरा मे महिना लेकरं माह्याजवळ.”

“ठरलं,” पुष्पा म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

राजकुमारला साक्षीदार नेमण्यात आलं. त्याला ते नको होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मोबाइल आणि टॅब पिठाच्या स्टीलच्या डब्यात गेले, डबा फडक्यात बांधला आणि लालीबाईच्या पायाखाली आला. एवढ्यात तांडा गोळा झाला. जन्मात गाडीत न बसलेल्या प्रत्येक माणसाकडे मुलांना गाडीत खूश कसं ठेवावं याबद्दल सल्ला होता. गंगी म्हणाली, लेकरांच्या खिशात कांदा ठेव, उलटी होत नाही. गुलाबसिंग म्हणाला, पोटाला पेपर बांध. गुलाबसिंग वीस वर्षांपूर्वी जीपने नागपूरला गेला होता आणि चार ठिकाणी ओकला होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द वजनदार मानला जाई. कोणी म्हणालं मलिदा खाऊ घाल, झोपतात. लालीबाईने कांदा घेतला, पेपर घेतला, मलिदाही घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की मला कोणाच्या सल्ल्याची गरज नाही.

ती मागच्या सीटवर मधोमध बसली. अंगावर ठेवणीतला घेर, म्हणजे घेरदार घागरा, त्यावर आरसे टाकलेली ओढणी. एका बाजूला नऊ वर्षांची अर्पिता, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांचा पियुष. पुढे राजकुमार आणि पुष्पा. शंकरसिंगचा गुडघा धरला होता, तो बैलांपाशी तांड्यातच राहिला. गाडी निघाली.

दारव्हा गेलं तोपर्यंत लालीबाईच्या हातात रस्ता होता. तिने लदेणीची गोष्ट सुरू केली.

“दादी, यात डायनोसोर आहे का?” पियुषने विचारलं.

लालीबाईने क्षणभर विचार केला. “आहे नं. मोठा होता. त्याच्यावर मिठाच्या आठ गोण्या बसत.”

“डायनोसोर माणसांच्या आधीच मेले,” अर्पिता म्हणाली. “आम्हाला शिकवलंय.”

“तू होती का तवा?”

पुढच्या सीटवर राजकुमारचे खांदे हलले. सकाळी नवऱ्याने मारलेलं हत्यार इतक्या लवकर कामी येईल असं लालीबाईलाही वाटलं नव्हतं.

मग आरशांनी काम केलं. उन्हं वर आली, ओढणीवरच्या आरशांचे कवडसे गाडीच्या छतावर पडले. पियुष ओढणी हलवायचा आणि छतावर पन्नास चांदण्या नाचायच्या. यातल्याच चार चांदण्या राजकुमारच्या डोळ्यांत गेल्या आणि गाडी रस्ता सोडून एका तुरीच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, जाऊन टेकली. कोणाला काही झालं नाही. तुरीची पिवळी फुलं तेवढी काचेवर सांडली. पुष्पाने ओढणी घडी करून आपल्या मांडीवर ठेवली. लालीबाई म्हणाली, “गाडी चालवायले नजर लागते. ओढणीले काय नाव ठेवता?”

ओढणी गेली आणि यवतमाळ यायच्या आधीच अर्पिता बोलली.

“बोअर होतंय.”

पुष्पाची मान अर्धा इंच वळली. नुसती अर्धा इंच. पण तिच्यात मे महिन्याचं अख्खं शिबिर होतं.

आणि इथे लालीबाईने ती चूक केली, जी फक्त बंजाऱ्याच्याच हातून होऊ शकते. दुसऱ्या कोणी मुलांना कोडी घातली असती, झाडं मोजायला लावली असती. लालीबाईने अर्पिताला नायक केलं.

“हे पाय,” ती म्हणाली, “लदेणी निंघाली का तिचा एक नायक असते. कुठी थांबाचं, कवा निंघाचं, सारं नायक ठरवते. नायकाचा शब्द म्हंजे शब्द. त्याची माय असो का आजी असो, मोडता येत नाई. आजपासून तू नायक.”

“आणि मी?” पियुषचा ओठ खाली आला.

“तू कारभारी. कारभाऱ्याबिगर नायकाचं पान हालत नाई.”

ओठ जागेवर गेला. लालीबाईने पुष्पाच्या मानेकडे पाहिलं. मान सरळ झाली होती.

आता लालीबाईचा अंदाज असा, की नायक दोन-चार हुकूम सोडेल, खूश राहील आणि राजूर येईल. पण पुण्याच्या शाळेत या पोरीला वर्गाची मॉनिटर कधी केलं नव्हतं. तीन वर्षं ती वाट पाहत होती. ती सगळी मॉनिटरकी आज बाहेर पडली.

“थांबा,” नायक म्हणाली.

गाडी थांबली. शेळ्यांचा कळप जाऊ द्यायचा होता. कळप गेला. नायकाला तो परत यायला हवा होता.

“थांबा.” कळंबला चिंतामणीचं दर्शन. हे लालीबाईच्या मनातलंच होतं, म्हणून तिने नायकाची तारीफ केली. पण नायक पायऱ्या उतरून गणपतीपाशी गेली, वर आली, पुन्हा उतरली आणि कारभाऱ्याने पायऱ्या मोजाव्यात असा हुकूम सुटला. कारभाऱ्याला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. तो दर वीसला पुन्हा खाली जाऊन सुरुवात करायचा.

“याडी, साडेदहा झाले,” राजकुमार म्हणाला.

“नायकाले सांग.”

“तुम्हीच केलंय ना तिला नायक!” पुष्पा म्हणाली.

“मंग? केलं तं केलं. आज नायक करून उद्या उतरवाले ती काय सरपंच आहे?”

राळेगावच्या पुढे नायकाला कापूस वेचायचा होता. पांढरंधोप वावर सडकेला लागून होतं, वेचणी चालू होती. वावरवाली बाई हसली, म्हणाली वेचा बाप्पा, मजुरी वाचली. मुलं शिरली आणि दहा मिनिटं अशी खूश होती की लालीबाई धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जणू वावर तिनेच पेरलं होतं. तेवढ्यात पियुषचा पाय पऱ्हाटीच्या खुंटात अडकला. तो उपडा पडला आणि गुडघ्याला चांगलं खरचटलं.

त्याने वर पाहिलं. डोळे भरत आले. पुष्पा गाडीतून उतरून झपाझप येत होती. माय म्हणून येत होती की पंच म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

लालीबाईने वावरात उडी घेतली. बासष्ट वर्षांच्या बाईने, घेरासकट. पियुषची हनुवटी धरून तिने त्याचं तोंड सरळ आभाळाकडे केलं. “कारभारी! ते पाय, वर पाय, विमान!”

“कुठे?” पियुष म्हणाला. आभाळात एक घारसुद्धा नव्हती.

“तिकडे. आजून वर. नीट पाय, खाली पाहू नको, दिसनार नाई.”

तीन मिनिटं पियुष आभाळात विमान शोधत राहिला. डोळ्यांच्या खोबणीत पाणी तळ्यासारखं साचलं होतं, पण तळं फुटलं नाही. पुष्पा वाकून, तिरपी होऊन पाहत होती.

“पाणी आलंय,” ती म्हणाली.

“आलं. पडलं का? साक्षीदाराले इचार.”

साक्षीदार वावरवाल्या बाईशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होता. त्याने काही पाहिलं नव्हतं आणि यापुढेही काही पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. वाऱ्याने पाणी सुकलं. लालीबाईने गुडघ्यावर हळदीऐवजी मलिदा लावला, कारण हळद नव्हती आणि हात रिकामा दिसता कामा नये.

वडकीच्या अलीकडे गाडी पुन्हा थांबली. या वेळी नायकाचा हुकूम नव्हता. निवडणुकीचं तपासणी पथक होतं. रस्त्याच्या कडेला मांडव, मांडवात टेबल, टेबलावर रजिस्टर, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक साहेब. साहेब मुळात कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचे, निवडणुकीने त्यांना साहेब केलं होतं. डिकी उघडली. डिकीत गठ्ठा होता. गठ्ठ्यात अकरा साड्या होत्या. सगळ्या एका रंगाच्या, एका काठाच्या.

साहेबांनी व्हिडिओवाल्याला जवळ बोलावलं.

“कोणाला वाटायच्या आहेत या?”

“राजूरच्या बायाईले,” लालीबाई म्हणाली. तिच्या दृष्टीने हे उत्तर सरळ होतं.

“कोणत्या पक्षाकडून?”

“पोरीच्या पक्षाकडून! लेकीची घरभरनी आहे. तिच्या नंदा, जावा, चुलत सासवा. अकरा बाया.”

“मग सगळ्या एकसारख्या काहून?”

“साहेब, तुमचं लग्न झालं का?”

“झालं.”

“मंग हे मले कायले इचारता? एकीले हिरवी अन् दुसरीले लाल दिली तं राजूरच्या बाया मले जित्ती ठेवतीन का?”

व्हिडिओवाला हसला, कॅमेरा हलला, म्हणून ते सगळं पुन्हा एकदा विचारून पुन्हा एकदा चित्रित करावं लागलं. दुसऱ्या वेळी लालीबाईने ओढणी मागवून घेऊन डोक्यावर घेतली, कारण सरकारी पिक्चरमध्ये उघड्या डोक्याने जायला ती काही चोर नव्हती.

साहेबांनी पावती मागितली. पावती तांड्यात होती. राजकुमारने नाक्यावरच्या पोलिसाच्या फोनवरून बापाला विचारलं. शंकरसिंगने सांगितलं की चहा ठेवताना चूल पेटत नव्हती आणि तोच कागद हाताशी होता. मग साहेब म्हणाले, घरभरणीची पत्रिका तरी दाखवा. पत्रिका छापलेली नव्हती, ममताने ती मोबाइलवर पाठवली होती. मोबाइल पिठाच्या डब्यात होता.

लालीबाईने डबा छातीशी धरला.

“बाई, पत्रिका दाखवली नाही तर साड्या जमा होतील,” साहेब म्हणाले.

अकरा साड्या की मे महिना? लालीबाईने एकदा डिकीकडे, एकदा पियुषकडे पाहिलं. मग तिने डबा राजकुमारच्या हातात दिला, नायकाला साड्यांच्या राखणीला ठेवलं, पियुषला उचललं, त्याच्या तोंडावर ओढणी टाकली आणि त्याला घेऊन चाळीस पावलं दूर निंबाच्या झाडामागे जाऊन उभी राहिली. पत्रिका म्हणजे फुलं पडणारी, सनई वाजणारी चलचित्र पत्रिका होती. साहेबांनी ती तीनदा पाहिली. सनई झाडामागे ऐकू येत होती.

“दादी, मोबाइल वाजतोय,” ओढणीच्या आतून पियुष म्हणाला.

“वाजू दे. लग्न असन कोणाचं.”

“मला—”

“कारभारी,” लालीबाई घाईने म्हणाली, “या झाडाले किती पानं आहेत?”

पियुष ओढणीतून डोकं काढून मोजायला लागला. वीसपर्यंत गेला आणि पुन्हा एकपासून.

साड्या सुटल्या. एक वाजला. राजूरची पंगत उठलेली असणार. पुष्पा म्हणाली, “तो ‘मला’ म्हणाला, मी झाडाजवळ येऊन ऐकलं. पुढे मोबाइल पाहिजे असंच म्हणणार होता.” लालीबाई म्हणाली, “बोलला का? पोटातल्या शब्दावर पैज हारत नसते.” यावर दोघी करंजीपर्यंत भांडल्या आणि मुलांना त्याची इतकी मजा आली, की त्या वीस किलोमीटरमध्ये त्यांना दुसरं काहीच लागलं नाही. हा उपाय तांड्यात कोणीच सांगितला नव्हता.

पण लालीबाईचं खरं हसू झालं ते मारेगावच्या अलीकडे. भांडून तोंड सुकलं, म्हणून तिने चंचीतून तंबाखू काढली, मळली, दाढेखाली धरली आणि जरा वेळाने अर्पिताच्या अंगावरून वाकून, काच खाली करून बाहेर थुंकली. गाडी ऐंशीच्या वेगात होती. जे बाहेर गेलं तेच वाऱ्याने परत आत आलं आणि नायकाच्या नव्या पांढऱ्या झग्यावर बसलं.

अर्पिताने झग्याकडे पाहिलं. पुष्पा आशेने मागे वळली. पण नायक रडली नाही. नायकाने हात वर केला.

“थांबा. दादीचा न्याय करायचा.”

तांड्यात भांडण झालं की नायक पंचांना बसवतो आणि निवाडा करतो. हे तिला लालीबाईनेच दिवाळीत सांगितलं होतं, फार रंगवून. पळसाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली गेली. नायक मधे बसली, कारभारी शेजारी. राजकुमार आणि पुष्पा पंच. आणि लालीबाई, जिने तीन तांड्यांच्या पंचांना तोंडावर बोलून दाखवलं होतं, ती समोर हात जोडून उभी.

“गुन्हा कबूल आहे का?”

“वारा उलटा होता.”

“वाऱ्याला नंतर बोलावू. कबूल आहे का?”

“आहे.”

“दंड,” नायक म्हणाली. “राजूरपर्यंत दादीने तंबाखू खायची नाही. चंची कारभाऱ्याकडे.”

पुष्पाने पदर तोंडात धरला. राजकुमार पळसाकडे पाहत राहिला. लालीबाईचा हात कमरेच्या चंचीवर गेला. चाळीस वर्षांत ती चंची तिच्या कमरेपासून कोणी सोडवली नव्हती. शंकरसिंगने नाही, जिल्ह्याच्या डॉक्टरने नाही. पण नायकाचा शब्द मोडता येत नाही, असं भर गाडीत कोण बोललं होतं? तिने चंची सोडली आणि पाच वर्षांच्या कारभाऱ्याच्या हातावर ठेवली. देताना मात्र मान खाली घातली नाही.

“न्याय बरोबर आहे,” ती म्हणाली. “पोरगी माह्यावर गेली.”

तिथून पुढे गाडीत एकच माणूस चिडचिडं होतं. मुलं गाणी म्हणत होती. लालीबाईला गाडी हळू वाटत होती, सीट टोचत होती, खिशातल्या कांद्याचा वास येत होता. वणीच्या फाट्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, “आजून किती राह्यलं गा राजूर?”

पुढच्या सीटवरून पुष्पा सावकाश मागे वळली.

“याडी,” पुष्पा हळूच म्हणाली, “लदेणीत हे कोणी विचारत नव्हतं ना?”

लालीबाई खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक मोजत बसली.

चार वाजता राजूर आलं. काळपट रस्ता, खाणीकडे जाणारी वाहनं आणि वळणावर ममताचं नवं घर, दाराला झेंडूचं तोरण. मांडवात अजून बरीच मंडळी होती. लालीबाई उतरली. एका हाताला अर्पिता, दुसऱ्या हाताला पियुष. दोघांचे डोळे कोरडे ठणठणीत. उंबरा बारा पावलांवर. लालीबाईने पुष्पाकडे एकदा पाहिलं आणि चालायला लागली. दहा. आठ. पाच. मे महिना तिला समोर दिसत होता. आंब्याखाली दोन खाटा, विहिरीवर दोन पोरं.

तेवढ्यात घरातून ममता बाहेर आली. हात पिठाचे. मागच्या होळीपासून मायलेकींची भेट नव्हती.

आता बंजाऱ्यांच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की कशी आहेस, बरी आहेस असं विचारत नाहीत. त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मोठ्याने, सुरात रडतात. रडण्यातच सगळं सांगायचं असतं. कोण गेलं, कोण आजारी पडलं, वाट किती दूरची होती, तुझ्यावाचून अंगण कसं दिसतं. जितका सूर उंच, तितका मान मोठा. असं न भेटणं म्हणजे लेकीचा चारचौघांत अपमान. आणि या रडण्यात लालीबाईचा हात धरणारी बाई चार तालुक्यांत नव्हती.

“याडीऽऽ येऽऽ!” ममताने हाक दिली.

लालीबाईच्या हातातून दोन्ही हात सुटले. पैज गेली, पुष्पा गेली, मे महिना गेला. तिने लेकीच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. आंधळी म्हैस मेली ते तिने सुरात सांगितलं. शंकरसिंगचा गुडघा सांगितला. तुझ्या लहानपणीचा निंब तोडला ते सांगितलं. मांडवातल्या बाया उठल्या, त्यांनी सूर धरला. राजूरच्या त्या गल्लीत खाणीच्या भोंग्याला लाजवील असा आवाज उठला.

पुण्याच्या मुलांनी हे जन्मात पाहिलं नव्हतं. जी दादी वावरात उडी मारते, साहेबाला झापते, तंबाखू हिसकावली तरी डोळा ओला करत नाही, ती धाय मोकलून रडत होती. पियुषने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. नायकाची हनुवटी थरथरत होती. मग दोघांनी एकदम तोंड उघडलं.

उंबऱ्यापासून पाच पावलांवर.

“रडली!” पुष्पा ओरडली. “याडी, रडली मुलं! उंबरा यायचाय अजून!”

पण ममता आता तिच्याकडे वळली होती. नणंदेने भावजयीच्या गळ्यात हात टाकले. पुष्पा एक क्षण ताठ उभी राहिली, पुण्याच्या सोसायटीत उभी राहते तशी. मग तिच्या गळ्यातून, तिलाही नकळत, तोच सूर निघाला. चांगला लांब, वळणाचा. ती दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या आईचं नाव घेऊन रडली. बायांनी मान हलवल्या, आवाज चांगला आहे म्हणाल्या. सगळं झाल्यावर पुष्पाने नाक पुसलं आणि म्हणाली, “तरी पण मुलं रडली.”

मांडवात पैजेची गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ममताच्या चुलत सासऱ्याने निवाडा दिला, की भेटीचं रडणं हे रडणं नसतं, ती रीत आहे, सबब लालीबाई जिंकल्या. दोन म्हाताऱ्यांनी त्याला दुजोरा दिला. राजकुमारही म्हणाला, “हो, तसं पाहिलं तर...”

“चूप बसा सारे,” लालीबाई म्हणाली. “माह्यावर कोनी मेहेरबानी नाई कराची. पानी पडलं. म्या पाह्यलं. मी हरली.”

 लालीबाई हरली म्हणते, हे राजकुमार त्याच्या छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होता. पुष्पालाही आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही.

“लेकरं मे महिन्यात तांड्यात येनार नाईत. बरोबर?” लालीबाईने विचारलं.

“बरोबर,” पुष्पा म्हणाली.

“मंग मी येतो पुन्याले. पूरा महिना.”

“अं?”

“लेकरायनं माह्याकडे याचं नाई, असं ठरलं. म्या लेकरायकडे जाचं नाई, असं कोनी म्हटलं? राजकुमार, तुह्या बिल्डिंगीत गच्ची आहे नं? सकाऊन चूल तिथीच मांडीन. मले ग्यासवरची भाकर पचत नाई. गंगीलेबी आनतो, तिले एकटं करमत नाई. तुमच्या खाली ते लोकं बसते नं, मिटिंगा करते, त्यायचेबी काही भांडणं असतीन तं सोडवून देऊ. अन् पुष्पा, तुह्या मैत्रिनी येते नं घरी, एकेकीच्या गळ्यात पडून भेटीन. मोकळ्या होतीन बिचाऱ्या.”

पुष्पाच्या चेहऱ्यावर गच्चीवरची चूल पेटताना स्पष्ट दिसत होती.

“याडी,” ती म्हणाली, “मे महिन्यात पुण्यात फार उकडतं हो. तुम्हाला सोसायचं नाही.”

मांडवात कोणीतरी ठसका लागल्यासारखं केलं. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पत्र्यावर पापड भाजून निघतो.

“सोशीन,” लालीबाई म्हणाली. “तुमच्यासाठी एवढंबी नाई करू शकत का मी?”

पुष्पाने राजकुमारकडे पाहिलं. राजकुमार तोरणाकडे पाहत होता. तिने मुलांकडे पाहिलं. मुलं रडणं विसरून दादीच्या घेराला धरून उभी होती आणि दादीसारखाच सूर काढायचा प्रयत्न करत होती.

“मुलंच येतील तांड्यात,” पुष्पा म्हणाली. “तुम्ही कशाला त्रास घेता? महिनाभर राहतील.”

“महिना?” लालीबाईने पियुषला कडेवर घेतलं आणि उंबऱ्यावर पाय ठेवला. “महिना जिंकल्यावर होता बाई. आता तं मी हरली. पुन्याच्या शाळा कवा सुरू होते?”

“पंधरा जूनला.”

“मंग चवदाले संध्याकाळी या घ्यायले.”